इंग्रजी वाक्प्रचार पाठ होत नाहीत, आणि "रेनी डे" वाईट कसा?

खिडकीजवळची_खुर्ची यांचा प्रश्न:

नमस्कार. मी चिमूर तालुक्यातली. बी.ए. झालं, आता अभ्यासिकेत बसून एमपीएससीची कंबाइन आणि स्टाफ सिलेक्शन दोन्ही परीक्षांची तयारी करून राहिली. मराठी, गणित, बुद्धिमत्ता जमतं. इंग्रजीतलं ग्रामरही जमतं. अडते ती इडियम्सवर. आमच्या अभ्यासिकेत एक झेरॉक्स फिरते. डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी अर्थ, कोणीतरी हातानं लिहिलेली. झेरॉक्सची झेरॉक्स काढत काढत कडेचे शब्द उडून गेलेत. तीच पाठ करते. रात्री सगळं येतं, सकाळी पाटी कोरी.

त्यात "सेव्ह फॉर अ रेनी डे" आहे. अर्थ लिहिलाय, अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवणे. आता पावसाचा दिवस अडचणीचा कसा? आमच्या घरी जून लागला की बाबा दिवसातून दहा वेळा अंगणात येऊन आभाळ पाहतात. धूळपेरणी केली असेल तर त्यांना जेवण गोड लागत नाही. पाऊस आला की आई भजे काढते. परीक्षेत "रेनी डे" वाचलं की माझं डोकं आधी भज्यांकडेच जाणार ना.

तसंच "वॉर्म वेलकम". मे महिन्यात आमच्या गावात कोणाचं गरम स्वागत केलं तर पाहुणा दारातूनच परत जाईल.

तर लक्षात ठेवायची काही रीत आहे का? आणि इंग्रज लोक हे खरंच बोलतात, की फक्त पेपर काढणाऱ्यांसाठी जपून ठेवलंय? मुलाखतीत वापरावं का?

---

पुसदचा_कॅशियर:

ताई, परीक्षेपुरतं सांगतो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, यादी नंतर. तेच तेच वाक्प्रचार फिरून येतात. चार पर्यायांत जो शब्दशः अर्थ असतो तो पहिल्यांदा खोडायचा. "स्पिल द बीन्स" (गुपित फोडणे) च्या खाली "धान्य सांडणे" छापाचा पर्याय दिसला की समजा, तो गळ टाकलाय.

खरा धोका मराठीसारख्या दिसणाऱ्यांचा. "पुल समवन्स लेग" घ्या. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे वर चाललेल्याला खाली खेचणे. गावच्या सोसायटीची निवडणूक पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. इंग्रजीत मात्र ती नुसती थट्टा आहे, खोटंच काहीतरी सांगून फिरकी घेणे. पर्यायांत "अडथळा आणणे" हमखास दिलेलं असतं आणि मराठी मुलं नेमकी त्यावर टिक करतात. "टेक द बुल बाय द हॉर्न्स"चंही तेच. मराठीत शिंगावर घेणारा म्हणजे अंगावर धावून जाणारा. इंग्रजीत बैल म्हणजे संकट, आणि तुम्ही त्याची शिंगं धरायची. अर्थ: अवघड कामाला थेट भिडणे.

याउलट काही जोड्या आयत्या मिळतात. त्या पाठ करायची गरजच नाही. आगीत तेल ओतणे, रंगेहाथ पकडणे, मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे, भुवया उंचावणे, हे सगळं इंग्रजीतही जवळपास तसंच आहे. "टर्न अ ब्लाइंड आय" म्हणजे आपला कानाडोळा. याची गोष्ट इंग्रज आरमारातल्या नेल्सनची सांगतात. 1801 साली कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठानं माघारीचा झेंडा दाखवला, तर यानं दुर्बीण आपल्या दृष्टी गेलेल्या डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला तर काही इशारा दिसत नाही. गोष्ट कळली की वाक्प्रचार जात नाही.

---

जिप्सीची_पुढची_सीट:

ताई, मी ताडोब्यात मोहर्ली गेटवर गाईड आहो. शाळेत जेवढं इंग्रजी शिकलो त्याच्याहून जास्त जिप्सीत ड्रायव्हरच्या बाजूले बसून शिकलो, मागच्या पाहुण्यायचं ऐकून ऐकून. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

बोलतात का? लय बोलतात. पण तुमच्या झेरॉक्समधलं अर्धं नाही बोलत. "रेनिंग कॅट्स अँड डॉग्स" मी अजून एकाही इंग्रज माणसाच्या तोंडून ऐकलं नाही. एका फेब्रुवारीत अवकाळी आला. जिप्सीले छप्पर नसते, ब्लँकेट होतं ते कॅमेऱ्यावर टाकलं आन् माणसं भिजली. मागची म्हातारी बाई दात वाजत असताना हासून म्हणे, "इट्स चकिंग इट डाऊन!" कोणीतरी वरून ओतून देऊन राहिलं, असं. तेथे कुत्रं नाही आन् मांजर नाही. पेपरात कुत्रे-मांजरं आले तर "धो धो पाऊस" टिक करा, पण मुलाखतीत ते म्हणू नका. आजोबाच्या पेटीतला कोट घालून गेल्यासारखं वाटते.

आता जे रोज ऐकतो ते सांगतो.

सगळ्यात जास्त "फिंगर्स क्रॉस्ड". जानेवारीतली सकाळ होती, पांढरपौनीच्या पाण्यावर थांबलो होतो. बांबूतून सांबराचा कॉल आला, म्हणजे वाघाची चाहूल. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी बोट वर केलं, बोलू नका म्हणून. तेव्हा मागच्या एका पाहुणीनं ब्लँकेटमधून हात काढला, हातमोजा ओढून काढला, आन् मधलं बोट पहिल्या बोटावर चढवलं. ओठ हलवले, आवाज नाही: फिंगर्स क्रॉस्ड. आपण म्हणतो ना, निकाल लागेपर्यंत आई देव पाण्यात घालून बसली होती, तेच ते. फक्त यायचे देव पाण्यात जात नाहीत, बोटावर बोट चढते. सांबर आणखी दोनदा ओरडलं आन् गप झालं. वाघ काही आला नाही. तिचा नवरा म्हणे, "थर्ड टाइम लकी", म्हणजे यांची दुपारची तिसरी सफारी बाकी होती. अमेरिकन पाहुणे हेच "थर्ड टाइम्स द चार्म" म्हणतात. तिसऱ्या वेळी दिसला का, तो विषय वेगळा.

दुसरं, "कीप युवर आईज पील्ड". मले पहिल्यांदा अंगावर काटा आला, डोळे सोललेले ठेवा म्हणते! पण आपलं तरी काय, डोळ्यांत तेल घालून पाहा म्हणतो. तेलही झोंबतेच. आता मीच गेटमधून आत शिरताना पाहुण्यायले ते वाक्य म्हणतो, ते खूष होतात.

"स्पीक ऑफ द डेव्हिल" घ्या. मी अस्वलाचं सांगून राहिलो होतो, मोहाच्या दिवसांत ते कसं झाडाखाली येते वगैरे, आन् रस्ता ओलांडून तेच समोर. मागून आवाज आला, "स्पीक ऑफ द डेव्हिल!" आपल्याकडे नाव घेतल्याबरोबर माणूस आला तर म्हणतो, शंभर वर्षं आयुष्य आहे बापा तुले. ते लोक सैतान म्हणतात, पण राग नाही त्यात. मित्र आला तरी म्हणतात. तुम्हाले कोणी म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

"टच वूड"सुद्धा पाहा. एक साहेब म्हणे, आतापर्यंत आमची एकही सफारी वाया गेली नाही, आन् लगेच लाकूड शोधू लागला. जिप्सीत लाकूड कोठून? सगळं लोखंड आन् रेक्झिन. मंग त्यानं आपल्याच डोक्यावर टकटक केलं. त्यायच्यात हा जुना विनोद आहे म्हणे. आपण दृष्ट लागू नये म्हणतो ती जागा. आन् संध्याकाळी गेट बंद व्हायची वेळ झाली की "लेट्स कॉल इट अ डे", म्हणजे चला, आजचं काम आटपा.

झेरॉक्समधला "बीट अराउंड द बुश" मात्र आपल्या जंगलातला समजा. जुन्या शिकारीत हाका व्हायचा. माणसं झुडपं बडवत, डबे वाजवत पुढं सरकायची, शिकारी दुसऱ्या टोकाले मचाणावर. 1972 च्या कायद्यानं ते सगळं बंद झालं, पण म्हाताऱ्या माणसायले हाका शब्द माहीत आहे. इंग्लंडात पक्ष्यायसाठी असंच झुडूप बडवत. वाक्प्रचार पंधराव्या शतकापासूनचा आहे. झुडपाच्या भोवती भोवती बडवत राहायचं, मुद्द्याले हात नाही लावायचा. आपलं आडवळणानं बोलणं.

आता तुमचा रेनी डे. तुमचे बाबा शेतवाले आहेत, म्हणून पाऊस म्हणजे भजे. पण झड लागली की त्याच शेतावर निंदणाले येणाऱ्या बाईले विचारा. पाच दिवस झड, पाच दिवस रोजी नाही. घरातली पायली खाली जाते. तिच्यासाठी तो रेनी डेच आहे. इंग्लंडात तर पावसाळा असा वेगळा नाहीच, बारा महिने थोडा थोडा चालूच असते. पाऊस आला म्हणजे कोणाची तहान भागली असं तेथे नाही, काम बुडालं असं आहे. म्हणून त्यायच्या भाषेत ऊन चांगलं आन् पाऊस वाईट. "फेअर वेदर फ्रेंड" म्हणजे बरे दिवस असेपर्यंतचा दोस्त, "अंडर द वेदर" म्हणजे अंग कसंनुसं असणं. "मेक हे व्हाइल द सन शाइन्स" हे तर सोयाबीनवाल्याले समजावून सांगायची गरजच नाही. सोंगून गंजी लावली, मळणी उद्यावर टाकली, आन् रात्री परतीचा पाऊस आला. त्यायचं गवत, आपलं सोयाबीन.

पुस्तकात याच्यासमोर "वाहत्या गंगेत हात धुणे" लिहितात, मले ते पटत नाही. त्यात चोरटेपणाचा वास आहे. गवत वाळवणाऱ्यानं कोणाचं काही घेतलं नाही.

गरम-थंडचंही तसंच. त्यायच्या देशात माणूस थंडीतून येते, म्हणून वॉर्म चांगलं, "कोल्ड शोल्डर" म्हणजे तोंड फिरवणं. आपण म्हणतो, पाहून जीव थंड झाला. मेमध्ये गेटवर 45 अंशात मी पाहुण्यायच्या हातात थंड पाण्याची बाटली देतो, आन् ते म्हणतात, "थँक्स फॉर द वॉर्म वेलकम!"

लक्षात ठेवायचं म्हणाल तर एक करा. वहीत अर्थ लिहू नका. कोण, कोठे, कोणाले म्हणते ते लिहा. "फिंगर्स क्रॉस्ड: निकालाच्या आधी, मैत्रिणीले." बस. आन् शब्द हलवू नका. "क्रॉस्ड हँड्स" म्हटलं तर समोरचा नुसता पाहात राहते.

मुलाखतीचं म्हणाल तर एखादा सहज आला तर येऊ द्या, मुद्दाम पेरू नका. "किक द बकेट" तर बिलकुल नाही. मरणाले ते हलकं बोलणं आहे. तेरवीले जाऊन "तुमचे वडील कसे खपले" विचारतो का आपण?

---

आखूड_धागा (हिंगणघाट):

जिप्सीवाल्या भाऊंचं वाचून राहवलं नाही. मी जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहतो. चिमटीत बोंड धरायचं, दोन्ही हातांनी ओढायचं, तुटलेल्या टोकाकडे पाहून धाग्याची लांबी सांगायची. मशीन आली तरी शेतकरी अजून आमच्या चिमटीकडेच पाहतो.

इंग्रजी भाषेत कापडवाल्यांचे शब्द किती आहेत पाहा. "कॉटन ऑन" हा ब्रिटिश बोलण्यातला आहे, अर्थ हळूहळू ध्यानात येणे. "ही फायनली कॉटन्ड ऑन", म्हणजे शेवटी त्याच्या डोक्यात उजेड पडला. "स्पिन अ यार्न" म्हणजे लांबच लांब गोष्ट रंगवून सांगणे. हा खलाशांच्या बोलण्यातून आलेला. "लूज द थ्रेड" म्हणजे बोलण्याचा धागा सुटणे, तो आपल्याकडेही तसाच सुटतो.

पण मला आवडतो तो "ऑन टेंटरहुक्स". लोकरीचं कापड धुवून काढलं की ते आटतं, आकसतं. म्हणून मोठ्या लाकडी चौकटीवर ताणून वाळवायचे. त्या चौकटीला टेंटर म्हणत, आणि कडेला आकडे असत. कापड त्या आकड्यांवर ताणलेलं, ना सुटतंय ना फाटतंय. तशी मनाची अवस्था. आता मराठीत काय म्हणाल? जीव टांगणीला लागला! दिवाळीनंतर भाव फुटायची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवलेल्या माणसाला हे इंग्रजीत सांगायचं असेल तर हाच वाक्प्रचार. ताई, झेरॉक्सवर हा हमखास असेल, आणि बहुतेक "टेंडरहुक्स" असा चुकीचा लिहिलेला असेल. तपासून घ्या. पेपरात स्पेलिंगवरही प्रश्न येतो.

थोडं विषयाबाहेर जातो. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मागणी चढली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्याकडच्या मालाला "ऊमरा" म्हणत, अमरावतीवरून. हिंगणघाटचंही नाव तिथे चालायचं. म्हणजे त्यांचे सूतवाले वाक्प्रचार आपल्याकडे वहीत यायच्या कितीतरी आधी आपला कापूस त्यांच्याकडे पोचला होता.

---

लेग_बाय:

क्रिकेटवाले आधी करा, फुकटचे मार्क आहेत. "ऑन द बॅक फूट" म्हणजे बचावाच्या पवित्र्यात, "स्टम्प्ड" म्हणजे निरुत्तर, "हिट फॉर सिक्स" म्हणजे जबर धक्का. "स्टिकी विकेट" म्हणजे अडचणीची परिस्थिती. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत, पावसानंतर ऊन पडलं की चेंडू कसाही उसळायचा. अडतात ते बेसबॉलवाले. "बॉलपार्क फिगर" म्हणजे अंदाजे आकडा, "आउट ऑफ लेफ्ट फील्ड" म्हणजे अनपेक्षित. विदर्भानं रणजी जिंकली तशी बेसबॉलची जिंकेल तेव्हा तेही सोपे होतील.

---

धोंड्याचं_वाण (वाशिम):

"वन्स इन अ ब्लू मून" कोणी घेतलाच नाही. पुस्तकात अर्थ असतो क्वचितच, आपण म्हणू सठीसहामाशी. चंद्र निळा वगैरे काही नसतो. एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ब्लू मून म्हणतात. हा अर्थ 1946 मध्ये एका अमेरिकी खगोल मासिकात झालेल्या चुकीतून पसरला. त्याआधी, एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर त्यातली तिसरी, असा हिशेब होता.

आता गंमत बघा. 19 वर्षांत इंग्रजी महिने 228 आणि पौर्णिमा 235. सात जास्तीच्या. म्हणून साधारण तेवढे ब्लू मून. आपल्या पंचांगात 19 वर्षांत अधिक महिने किती? सातच. चंद्राचं आणि सूर्याचं गणित जुळत नाही, ते त्यांच्याकडे जास्तीच्या पौर्णिमेत दिसतं, आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात. 2023 ला अधिक श्रावण होता आणि त्याच ऑगस्टमध्ये ब्लू मूनही झाला. जावयाला वाण द्यायचं साल आठवलं की हा वाक्प्रचार आठवतो. आमच्या घरी जावई चार आहेत, त्यामुळे चांगलाच आठवतो.

---

खिडकीजवळची_खुर्ची:

सगळ्यांचे आभार जी. आत्ता झेरॉक्स काढून पाहिली, खरंच "टेंडरहुक्स" लिहिलंय! पेननं दुरुस्त केलं आणि मागच्या बाकावरच्या पोरींच्या प्रतींवरही केलं. झडीचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, निंदणाच्या बायांना झडीत अर्धा रोज तरी द्यायला पाहिजे. बाबा काही बोलले नाहीत.

दादा, एक राहिलं. "टिल द काऊज कम होम" याचा अर्थ दिलाय "खूप वेळापर्यंत". आमच्या गायी तर गुराखी दिवस बुडायच्या आत बरोबर घेऊन येतो. मग खूप वेळ कसा?

---

जिप्सीची_पुढची_सीट:

तुमच्या गायी गुराख्याच्या काठीनं येतात, ताई. गुराखी नसला तर पाहा, चरत चरत किती वाजता येतात ते. वाक्प्रचारातल्या गायी आपल्या मर्जीनं येणाऱ्या आहेत. आन् वापर पाहा, तो बहुतेक निष्फळ गोष्टीसाठी असते. "यू कॅन आर्ग्यू टिल द काऊज कम होम", किती का भांडा, काही होणार नाही. गेटवर ज्याचं बुकिंग नाही आन् तरी आत सोडा म्हणून हुज्जत घालते, त्याच्यासाठी आमचे एक साहेब हेच वाक्य म्हणतात. पर्यायांत "संध्याकाळपर्यंत" दिलं असेल तर तो खोडा.

उद्या मंगळवार, पार्क बंद असते. झेरॉक्सचे फोटो टाका येथे, कडेचे उडालेले शब्द भरून देतो.